मोबदल्यावर टॅक्स नाही, मग त्याच्या व्याजावर कसा?

रिटर्नचा सीझन आला की आमच्या बीडच्या छोट्या ऑफिसात सकाळी दहापासून बाकड्यावर माणसं बसतात. परवा शिरूर तालुक्यातले एक अण्णा आले. धोतर, टोपी, पिशवीत प्लास्टिकची फाईल. त्यांची जमीन नगर-बीड-परळी रेल्वेत गेली होती. मोबदला मिळाला, त्यातले १५ लाख त्यांनी २०१६ च्या जूनमध्ये पोस्टात किसान विकास पत्रात टाकले. तेव्हा ११० महिन्यांत पैसे दुप्पट होत होते. गेल्या ऑगस्टमध्ये पत्रं पिकली, हातात ३० लाख आले. नातीचं लग्न, थोरल्याचं घर, सगळा हिशोब मांडून झाला होता. मग कुणीतरी सांगितलं की अण्णा, यातल्या १५ लाखांवर टॅक्स आहे.

अण्णांचा प्रश्न सरळ होता. "साहेब, जमीन माझी. शेतीला टॅक्स नाही. मोबदल्याला टॅक्स नाही असं तहसीलात सांगितलं. मंग त्याच पैशाच्या व्याजाला कसा? आन् पैसे तर सरकारजवळच ठेवले व्हते ना?"

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. सरकारनेच मोबदला दिला, तो सरकारलाच परत उसना दिला, आणि त्या उसन्याच्या व्याजावर सरकारच कर मागतं. अण्णांना हे पटेना. खरं सांगायचं तर नियम माहीत असूनही मला ते नीट समजावून सांगता आलं नाही. म्हणून थोडं मागे जाऊन लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

त्याच रात्री योगायोगाने अंबाजोगाईच्या माझ्या भाच्याचा फोन आला. तो कॅलिफोर्नियात असतो. त्याला म्हटलं, तुमच्याकडे सरकारी बचत रोख्याच्या व्याजाचं काय करतात? तो म्हणाला, "मामा, आम्हाला दोन रिटर्न भरावी लागतात. एक वॉशिंग्टनच्या सरकारचं, एक राज्याचं. सेव्हिंग बॉण्डचं व्याज पहिल्यात दाखवायचं आणि दुसऱ्यातून वजा करायचं. राज्याला त्यावर कर घेताच येत नाही." कारण विचारलं तर त्याला माहीत नव्हतं. सॉफ्टवेअर आपोआप वजा करतं म्हणे.

कारण असं आहे. १८१९ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने मेरीलँड राज्याच्या खटल्यात ठरवलं की केंद्राच्या बँकेवर राज्याला कर लावता येणार नाही; कर लावायचा अधिकार म्हणजे मारून टाकायचा अधिकार. पुढे १८२९ मध्ये चार्ल्स्टन शहराने लोकांच्या हातातल्या केंद्राच्या कर्जरोख्यांवर कर लावला, तोही कोर्टाने रद्द केला. राज्यं जर केंद्राच्या कर्जावर कर लावत सुटली तर केंद्राला कर्ज देणार कोण, एवढा साधा विचार. तिथे एका माणसावर दोन सरकारं आयकर लावतात, म्हणून हा तंटा निर्माण झाला आणि सुटला.

आपल्याकडे असा तंटा ऐकिवात नाही, कारण आपण एकच रिटर्न भरतो. पण बीडच्या बाबतीत हे कायम असंच नव्हतं. आपल्या आजोबांच्या काळात इथे दुसरं सरकार होतं.

१९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणायचे, साल फसली धरायचे, पोस्ट निजामाचं, तिकिटं निजामाची आणि रुपया हाली शिक्क्याचा. इंग्रजांचा रुपया तो कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. नगरकडून माल आणायचा तर हद्दीवर करोडगिरीचा नाका लागायचा. आमच्या घरात अजूनही कुणी फार चौकशा करायला लागला की आजी म्हणायची, "काय करोडगिरीवाला लागून गेलास का?" आपल्याच देशातल्या शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या कापडाच्या गाठीवर जकात, अशी ती व्यवस्था.

या संस्थानाचा स्वतःचा आयकर कायदासुद्धा होता, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. १३५७ फसलीचा हैदराबाद आयकर कायदा. म्हणजे आपल्या हिशोबाने १९४७-४८ चं साल. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२२ चा कायदा चालू होता, त्याच्याच धर्तीवर हा बेतलेला. आता बघा, एखाद्या बीडच्या आडत व्यापाऱ्याने तेव्हा मुंबईत हिंदुस्थान सरकारचे कर्जरोखे घेतले असतील, तर त्याच्यासमोर माझ्या भाच्यासारखीच दोन सरकारं उभी. एक रोखे काढणारं, दुसरं तो राहतो तिथलं. अमेरिकेतला प्रश्न बीडच्या पेठेत येऊन ठेपला होता म्हणायला हरकत नाही. तो फार दिवस टिकला नाही, एवढंच.

आणि सरकारी रोखे ही तेव्हा नुसती हिशोबाची गोष्ट नव्हती. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाने भारताशी जैसे थे करार केला. त्याच सुमारास हैदराबाद सरकारने आपल्याजवळचे भारत सरकारचे २० कोटी रुपयांचे रोखे पाकिस्तानला कर्जाऊ दिले. शिवाय संस्थानात भारताचं चलन व्यवहारासाठी बंद केलं. दिल्लीने त्यावर कडक हरकत घेतली. आपण मुक्तिसंग्राम म्हटलं की सरहद्दीवरचे कॅम्प, रझाकार, जाळलेले करोडगिरीचे नाके आठवतो आणि ते आठवायलाच पाहिजे. पण हा संग्राम रोख्यांवर आणि नोटांवरही चालला होता, ते शाळेच्या पुस्तकात एका ओळीपलीकडे येत नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली.

त्यानंतरही कर लगेच एक झाला नाही. व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या समितीने संस्थानांच्या पैशाअडक्याचा अभ्यास करून सांगितलं की आयकर, जकात, पोस्ट, रेल्वे हे सगळं दिल्लीकडे जाऊ द्या आणि संस्थानांचा जो तोटा होईल तो काही वर्षं भरून द्या. १ एप्रिल १९५० पासून १९२२ चा भारतीय आयकर कायदा आपल्याला लागू झाला. निजामाचं पोस्टही त्याच दिवशी भारतीय पोस्टात आलं. कराचा दर एकदम चढू नये म्हणून त्या वर्षी खास सवलतींचा आदेश काढावा लागला. हाली शिक्का मात्र आणखी काही वर्षं बाजारात फिरत राहिला.

घटनेने वाटणी अशी केली की शेती सोडून बाकी उत्पन्नावरचा कर केंद्राचा आणि शेतीच्या उत्पन्नावरचा कर राज्याचा. केंद्राच्या यादीत ८२ वी नोंद, राज्याच्या यादीत ४६ वी. अण्णांच्या प्रश्नाची नाळ इथे आहे. हैदराबाद राज्याने १९५० मध्ये शेती उत्पन्नावर कराचा कायदा केलाही होता. पुढे महाराष्ट्राने १९६२ मध्ये आपला वेगळा केला. म्हणजे "शेतीला टॅक्स नाही" हे काही ब्रह्मवाक्य नाही. केंद्राला तो लावता येत नाही, हे खरं वाक्य. राज्याला लावता येतो, पण तो लावून निवडणुकीला उभं राहायची कुणाची हिंमत नाही, हे माझं वाक्य.

मग व्याज शेतीत धरायचं की बाहेर? हा प्रश्नही अण्णांनी पहिल्यांदा विचारलेला नाही. बिहारमधल्या रामगडच्या राजांनी तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेला होता. कुळांनी जमिनीचा खंड थकवला, त्यावर व्याज लागलं. राजांचं म्हणणं, खंड शेतीचा, तर त्याचं व्याजही शेतीचंच. १९४८ मध्ये कौन्सिलने सांगितलं की नाही. खंड जमिनीतून येतो, व्याज पैसे थकल्यामुळे येतं. एवढ्या बारीक फरकावर राजे हरले, तर आपल्या अण्णांचं पोस्टातलं व्याज शेतीचं कसं ठरणार? २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ९६ मोबदल्याला आयकरातून सूट देतं, ते तहसीलात बरोबरच सांगितलं. पण सूट मुद्दलाला आहे. मुद्दलाने बाहेर जाऊन जे कमावलं त्याला नाही.

"पैसे सरकारजवळच होते" याचं उत्तर जास्त गमतीचं आहे. कारण सरकारने यावर स्वतःचं मत अनेकदा बदललंय.

एके काळी राज्य सरकारचे काही रोखे "आयकरमुक्त" म्हणून निघायचे. १९२२ च्या कायद्यात तरतूद होती की अशा रोख्याच्या व्याजावरचा आयकर त्या राज्य सरकारने भरायचा. म्हणजे कर माफ नव्हता. कर्ज घेणाऱ्या राज्याने धनकोच्या वतीने तो केंद्राला द्यायचा. पोस्टाच्या बचत खात्याचं व्याज तर कितीतरी वर्षं पूर्ण करमुक्त होतं. २०११ पासून त्याला एकट्याच्या खात्यावर ३,५०० आणि जोडखात्यावर ७,००० रुपयांची मर्यादा घातली. रिझर्व्ह बँकेच्या रिलीफ बॉण्डचं व्याज करमुक्त होतं. २००३ मध्ये दोन रोखे शेजारीशेजारी विकायला ठेवले: एक साडेसहा टक्क्यांचा, व्याजावर कर नाही, दुसरा आठ टक्क्यांचा, व्याजावर कर. करमुक्त होता तो जुलै २००४ मध्ये बंद झाला. बीडसारख्या गावात जो माणूस मुळात कराच्या कक्षेत नव्हता, त्याच्यासाठी आठ टक्क्यांचाच बरा होता. पण "टॅक्स फ्री" या शब्दाची भुरळ अशी की साडेसहावाला घेऊन खूश झालेले लोक मी पाहिलेत.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मार्च आला की अल्पबचतीचं टार्गेट यायचं. गावात कुणाकडे पैसे नसायचे, मग मास्तर लोक स्वतःच्या पगारातूनच राष्ट्रीय बचत पत्रं घेऊन टार्गेट पुरं करायचे. १९९० मध्ये वडिलांनी पाच हजारांची आठव्या मालिकेची पत्रं घेतली. सहा वर्षांनी १०,०७५ रुपये मिळणार होते. ती पत्रं लोखंडी पेटीत, रेशनकार्ड आणि आईच्या पाटल्यांच्या डबीशेजारी. या पत्रांची एक खुबी होती. व्याज हातात पडत नसलं तरी दर वर्षी किती धरायचं याचं कोष्टक सरकारनेच दिलेलं: शंभर रुपयाला पहिल्या वर्षी १२.४०, दुसऱ्या वर्षी १३.९०, असं चढत सहाव्या वर्षी २२.४०. ते व्याज त्या त्या वर्षी उत्पन्नात दाखवायचं आणि शेवटचं वर्ष सोडून बाकी वर्षी तेच पुन्हा गुंतवलं असं धरून त्याची सवलतही मागायची. शिवाय कलम ८०एल होतं. ठरावीक रकमेपर्यंतचं बँकेचं, बचत पत्राचं व्याज उत्पन्नातून वजा व्हायचं. ते २००५ च्या बजेटने काढून टाकलं. मधल्या वर्गाचा फार मोठा आधार गेला, पण त्यावर आपल्याकडे कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

वडिलांनी यातलं काही केलं नाही. मीही तेव्हा कॉलेजात होतो. कोष्टक छापलेला कागद त्या पेटीत तसाच घडी घातलेला मिळाला, वडील गेल्यानंतर.

त्याच काळात इंदिरा विकास पत्रंही होती, १९८६ ची. त्यावर नावच नसायचं. नोटेसारखी. हरवली की गेली. आणि कुणाचा पैसा आहे हे विचारायची सोय नाही. ती कुणाच्या जास्त सोयीची होती हे तुम्हीच समजून घ्या. १९९९ मध्ये ती बंद झाली. किसान विकास पत्र १९८८ मध्ये आलं, साडेपाच वर्षांत दामदुप्पट. २०११ मध्ये बंद, नोव्हेंबर २०१४ मध्ये पुन्हा सुरू, पण आता पन्नास हजारांच्या वर पॅन लागतं आणि दहा लाखांना पैसे कुठून आले याचा कागद लागतो. नावात किसान आहे, म्हणून शेतकऱ्याला व्याजावर सूट असेल असं वाटणारे अण्णा एकटे नाहीत. आठवड्यात एक तरी येतो.

आता खरं दुखणं. किसान विकास पत्राचं व्याज दर वर्षी जमा धरून दाखवता येतं किंवा शेवटी एकदम मिळाल्यावर. निवड आपली, पण एकदा जी पद्धत धरली ती सोडायची नाही. अण्णांच्या १५ लाखांवर ७.८ टक्क्यांनी पहिल्या वर्षी साधारण १ लाख १७ हजार व्याज झालं. शेवटच्या पूर्ण वर्षात ते सव्वादोन लाखांच्या आत. या सगळ्या वर्षांत अडीच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नव्हता. अण्णांना शेतीशिवाय दुसरं काही नाही. म्हणजे दर वर्षी कागदावर व्याज दाखवलं असतं तर नऊ वर्षांत एक रुपया कर बसला नसता. आता पंधराच्या पंधरा लाख एका वर्षात आले. नव्या पद्धतीने, २०२५-२६ च्या दरांनी, नुसत्या त्या रकमेवर सेससह १,०९,२०० रुपये. त्यात शेतीचं उत्पन्न दर ठरवण्यासाठी मिळवायचं. ही व्यवस्था १९७३ पासून आहे, के. एन. राज समितीनंतरची. शेतीवर कर नाही, पण शेतीमुळे बाकीच्यावरचा दर चढतो. अण्णांचा आकडा आणखी वर गेला.

हे त्यांना २०१६ मध्ये सांगायला कुणी नव्हतं. पोस्टातल्या माणसाचं ते काम नाही. एजंटाला माहीत नसतं. आणि मी? त्या वर्षी अण्णांचा पुतण्या माझ्याकडेच येत होता त्याच्या दुकानाच्या रिटर्नसाठी. काकांची जमीन गेली, मोबदला पोस्टात टाकला असं बोलता बोलता म्हणाला होता. मी "चांगलं केलं" म्हणालो आणि पुढच्या कागदाकडे वळलो. हे अण्णांना सांगायचं धाडस परवा झालं नाही. इथे लिहितोय, पुतण्या वाचेल.

"चांगलं केलं" म्हणायलाही कारण होतं. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात पतसंस्था आणि मल्टिस्टेटमध्ये किती लोकांचे पैसे अडकले ते तुम्हाला माहीत आहे; ऊसतोडीच्या उचलीतून वाचवलेले, पेन्शनचे, मुलीच्या लग्नाचे. त्या ठेवीदारांचं तर आणखी वेगळं. व्याज कागदावर जमा झालं, त्यावर टीडीएस कापला गेला, हातात काहीच नाही. अशा माणसाने आतापर्यंत मिळेल तेव्हा दाखवायची पद्धत ठेवली असेल, तर व्याज खरोखर हाती येईल त्या वर्षी उत्पन्न दाखवून तो टीडीएस पुढे नेता येतो. ज्यांनी दर वर्षी जमा धरून आधीच कर भरला त्यांचा पैसा दोनदा गेला. बुडालेल्या मुद्दलाची वजावट मी तरी अजून कुणाला मिळवून देऊ शकलेलो नाही. त्यांच्याशेजारी अण्णा बसवले तर त्यांचे ३० लाख पुरे हातात आले, हे भाग्यच.

हा बचतीचा पैसा जातो कुठे, तेही सांगतो. पूर्वी अल्पबचतीत जमलेल्या पैशाचा मोठा भाग केंद्र त्या त्या राज्यालाच कर्ज म्हणून द्यायचं. म्हणून तर कलेक्टर कचेरीत अल्पबचत अधिकारी आणि मास्तरांना टार्गेट. राज्याला त्यावर कर नव्हता, पण वापरायला पैसा होता. महाग पडतं म्हणून १४ व्या वित्त आयोगानंतर बहुतेक राज्यं या कर्जातून बाहेर पडली, महाराष्ट्रही. आता अण्णा जो कर भरतील तो दिल्लीला जाईल आणि सगळ्या राज्यांना मिळून वाटायच्या हिश्शात, ४१ टक्क्यांत, थोडासा फिरून मुंबईला येईल. त्यातलं बीडला किती, ते विचारू नका.

तुमच्या घरात किसान विकास पत्र, बचत पत्र असेल तर आज एक काम करा. घेतल्याची तारीख आणि पिकण्याची तारीख एका कागदावर लिहा आणि पहिल्या वर्षापासून व्याज दाखवायचं का, हे पिकायच्या वर्षी नाही, घेतल्याच्या वर्षीच कुणाला तरी विचारा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, पण अण्णांचा जो घोळ झाला तो नव्या नंबरांनीही होईल. साठीच्या पुढच्यांनी जुनी पद्धत निवडली तर बँक-पोस्टाच्या ठेवींच्या व्याजाला पन्नास हजारांपर्यंतची वेगळी वजावट आहे, तीही विचारून घ्या.

अण्णा जाताना म्हणाले, "निजामाच्या वक्ताला माझ्या बापानं करोडगिरी दिली, मी हे देतो. पावती तेवढी चांगली छापून द्या." सोमवारी ते चलन भरायला येणार आहेत.